थिजलेल्या पाण्याची साक्ष

श्रावण-भाद्रपदात कपाशीच्या पानांवर शिरांना अडून कोनाकोनांचे काळपट ठिपके दिसू लागले की तेलंगणातल्या उटनूरच्या बाजारात शेतकरी दुकानदाराकडे ‘स्ट्रेप्टो’ मागतो. दुकानदार सहा ग्रॅमची पुडी काढून देतो. ती कॉपर ऑक्सिक्लोराइडच्या जोडीनं फवारणीच्या पंपात पडते आणि करप्यावर फवारा होतो. पुडीत नऊ भाग स्ट्रेप्टोमायसिन आणि एक भाग टेट्रासायक्लिन असतं. पहिल्या औषधानं क्षयाचे रोगी बरे झाले. दुसऱ्यानं माणसांचे किती तऱ्हेचे ताप उतरवले याची मोजदाद नाही. स्ट्रेप्टोसायक्लिन हे नाव शेतीत ज्यानं रुजवलं, तो कारखाना पुण्याशेजारी पिंपरीत आहे.

फवारा पानावर बसतो, उरलेला मातीत उतरतो. पाऊस आला की मातीतलं पाणी ओढ्याला, ओढ्याचं कडेम नदीला आणि कडेमचं गोदावरीला. पाण्याची वाट कुणीही सांगेल. त्या पाण्यासोबत औषध किती गेलं, कुठवर टिकलं, गाईच्या पोटात आणि दुधात आलं का, हे मात्र डोळ्यांना दिसत नाही, जिभेला कळत नाही. प्रतिजैविकं माणसाच्या हाती आली त्या दिवसापासून त्यांच्या उरलेल्या अंशाचा माग काढण्याची धडपड सुरू आहे. गंमत अशी, की या ऐंशी वर्षांत खरी साक्ष बहुतेक वेळा एकाच जातीच्या वस्तूनं दिली. ती वस्तू म्हणजे जेल, धाग्यांच्या जाळ्यात धरून ठेवलेलं, थिजलेलं पाणी.

या जेलचा उगम स्वयंपाकघरातला आहे. आपल्याकडे खिरीत, पुडिंगात ‘चायना ग्रास’ घालतात, ते म्हणजे समुद्री शेवाळातून काढलेलं अगार. 1881 च्या सुमारास जर्मनीत वाल्टर हेसे हे डॉक्टर हवेतले जंतू वाढवू पाहत होते. त्यासाठी वापरलेलं जिलेटिन उन्हाळ्यात वितळून जाई. त्यांच्या पत्नी फॅनी हेसे घरच्या जेली-मुरंब्यांत अगार वापरत. जावा बेटावर राहून आलेल्या शेजाऱ्यांकडून त्यांना ते कळलं होतं. त्यांनी नवऱ्याला अगार सुचवलं, हेसेंनी ते रॉबर्ट कॉख यांच्या प्रयोगशाळेला कळवलं, आणि जंतुशास्त्राला स्वतःची जमीन मिळाली. कॉख यांनी अगारचा उल्लेख केला, पण फॅनीबाईंचं नाव त्यांच्या लेखात आलं नाही. आज जगातल्या प्रत्येक रोगनिदान प्रयोगशाळेत त्यांची ती युक्ती रोज वापरात आहे, म्हणून इथं त्यांचं नाव पूर्ण लिहिलं.

1928 मध्ये लंडनला अलेक्झांडर फ्लेमिंग यांना बुरशीभोवती जंतू विरून गेलेलं वर्तुळ दिसलं, तेही अगारच्या बशीतच. पुढचं काम ऑक्सफर्डला झालं. हॉवर्ड फ्लोरी आणि अर्न्स्ट चेन यांच्या गटात नॉर्मन हीटली नावाचा एक शांत, हातानं फार कुशल माणूस होता. बुरशीच्या पाण्यात पेनिसिलिन किती उतरलं हे मोजायचं कसं, हा प्रश्न त्यानं सोडवला. जंतू पेरलेल्या अगारवर त्यानं दोन्ही तोंडं उघडी असलेल्या छोट्या नळ्या उभ्या केल्या आणि त्यांत द्रव भरला. रात्रभरात पेनिसिलिन जेलमध्ये झिरपत गेलं, आणि जितकं औषध जास्त तितकं नळीभोवतीचं जंतू नसलेलं कडं मोठं झालं. ते कडं पट्टीनं मोजायचं. औषधाच्या मात्रेचं पहिलं माप असं जेलनं दिलं.

उरलेल्या अंशाची पहिली कथाही त्याच गटाची. 12 फेब्रुवारी 1941 ला अल्बर्ट अलेक्झांडर या पोलीस शिपायाला पेनिसिलिन टोचलं गेलं. तो सुधारू लागला, पण औषध संपत आलं. तेव्हा त्याच्या लघवीतून बाहेर पडलेलं पेनिसिलिन गाळून, शुद्ध करून पुन्हा त्यालाच दिलं. तरी साठा पुरला नाही, आणि 15 मार्चला तो गेला. शरीरातून औषध जसंच्या तसं बाहेर पडतं ही गोष्ट त्या दिवसांत वरदानासारखी होती. पुढं तीच गोष्ट डोकेदुखी ठरली.

भारतात पेनिसिलिन युद्धानंतर आलं ते आयातीचं, महाग आणि अपुरं. मार्च 1954 मध्ये हिंदुस्थान अँटिबायोटिक्स लिमिटेड ही कंपनी स्थापन झाली. जागतिक आरोग्य संघटना आणि युनिसेफ यांनी मदत केली, आणि 1955 मध्ये पिंपरीच्या माळावर पेनिसिलिन तयार होऊ लागलं. सरकारी क्षेत्रातला औषधांचा हा देशातला पहिला कारखाना. त्या वर्षी आमचं उटनूर अजून हैदराबाद राज्यात होतं. किनवट आणि राजुरा हे तालुकेही आमच्याच आदिलाबाद जिल्ह्यात होते. 1956 च्या भाषावार प्रांतरचनेनं ते आजच्या महाराष्ट्राकडे गेले, आणि नात्यागोत्याची माणसं दोन राज्यांत वाटली गेली. पिंपरीचं पेनिसिलिन मात्र दोन्हीकडच्या दवाखान्यांत पोचलं.

पिंपरीच्या लोकांनी नुसतं उत्पादन केलं नाही. एम. जे. तिरुमलाचार आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 1961 मध्ये हॅमायसिन हे बुरशीविरोधी औषध शोधलं. ते बनवणाऱ्या जिवाणूला त्यांनी स्ट्रेप्टोमायसिस पिंप्रिना असं नाव दिलं. गावाचं नाव जंतूच्या नावात गेलं, याचा अभिमान मराठी माणसाला फारसा माहीत नाही, तो असायला हवा. ऑरिओफंजिन हेही पिंपरीचंच, आणि तेही पिकांपर्यंत पोचलं. पण इथं सांगायची गोष्ट वेगळी. औषधाचा प्रत्येक घाणा बाहेर पडण्याआधी त्याची ताकद तपासावी लागे, आणि प्रतिजैविकांच्या कारखान्यात ती तपासणी हीटलीच्या पद्धतीनं होई. जंतू पेरलेलं अगार, त्यावर औषध, आणि दुसऱ्या दिवशी मोजलेलं स्वच्छ कडं. कारखान्याच्या दारापर्यंत औषधावर असा कडक पहारा होता. दाराबाहेर पडल्यावर त्याच्यामागं कुणी नव्हतं.

दाराबाहेरची पहिली तक्रार आली ती दुधातून. 1940 च्या दशकाच्या शेवटी युरोप-अमेरिकेत गाईंच्या कासदाहावर पेनिसिलिन सर्रास वापरू लागले. आपले शेतकरी या रोगाला ‘दगडी’ म्हणतात, कारण कास दगडासारखी घट्ट होते. औषधाची ट्यूब थेट सडात सोडायची, गाय दोन दिवसांत बरी. आणि मग चीज करणाऱ्यांचं विरजण लागेना. दुधाच्या पिंपांत मुरवण घातलं तरी आंबटपणा येईना, कारण दुधात उतरलेलं पेनिसिलिन विरजणाच्या जिवाणूंनाच मारत होतं. जे काम प्रयोगशाळेनं करायचं ते दह्यानं केलं. घरात कधी दही लागलं नाही की आई हवेला, भांड्याला, नाहीतर सुनेच्या हाताला दोष देते. गवळ्याच्या गाईला गेल्या आठवड्यात दगडी झाली होती का, हे विचारणारी आई मी अजून पाहिलेली नाही, पण तो प्रश्न अगदी रास्त ठरेल.

विरजणाच्या या स्वभावातूनच पुढं चाचणी निघाली. हॉलंडमधल्या डेल्फ्टच्या गिस्ट-ब्रोकेडीस या कंपनीनं 1970 च्या दशकात डेल्वोटेस्ट बाजारात आणली. बोटाएवढ्या कुपीत अगारचं जेल, त्यात उष्णता सोसणाऱ्या एका जिवाणूचे बीजाणू आणि जांभळा रंग. दुधाचा थेंब टाकून कुपी 64 अंशांवर सुमारे तीन तास ठेवायची. दूध स्वच्छ असेल तर बीजाणू उगवतात, आम्ल तयार करतात, आणि जांभळं जेल पिवळं पडतं. औषध असेल तर जेल जांभळंच राहतं. जगभरच्या डेअऱ्यांनी ही पद्धत उचलली.

तीन तास म्हणजे किती, हे डेअरीला दूध घालणारा जाणतो. संकलन केंद्रावर सकाळी किटल्यांची रांग लागते, फॅट लागलं की दूध मोठ्या टाकीत ओतलं जातं, टाकीतून टँकरमध्ये. पेनिसिलिनची दुधातली मर्यादा किलोमागं चार मायक्रोग्रॅम आहे. त्या हिशेबानं दहा हजार लिटरचा टँकर नासवायला चाळीस मिलिग्रॅम पुरतात, आणि सडात सोडायच्या एका ट्यूबमध्ये सहसा त्याहून जास्त औषध असतं. एका गाईचं दूध दोन दिवस बाजूला ठेवायचं राहिलं, की सगळ्या गावाच्या दुधाला ते लागतं. जेल जांभळं राहिलं हे कळेपर्यंत टँकर निघून गेलेला असतो. अन्न सुरक्षा प्राधिकरणानं 2018 मध्ये देशभर दुधाचे 6,432 नमुने तपासले, त्यांपैकी 77 मध्ये प्रतिजैविकं मर्यादेपेक्षा जास्त निघाली. टक्केवारी 1.2 ची, म्हणून लहान वाटते. रोज दूध पिणाऱ्या घराला वर्षात चारेक दिवस, असा हिशेब मांडला की ती तितकी लहान राहत नाही.

दुधाची गोष्ट निदान लोकांच्या नजरेत आली. पाण्याची गोष्ट उघडायला एकविसावं शतक उजाडावं लागलं, आणि ती उघडली आमच्याच राज्यात.

पिंपरीनंतर सरकारनं आयडीपीएल ही दुसरी मोठी औषध कंपनी काढली. रशियाच्या मदतीनं तिचा एक कारखाना हैदराबादच्या बालानगरला उभा राहिला. त्यातून रसायनतज्ज्ञांची एक पिढी तयार झाली. डॉ. रेड्डीज लॅबोरेटरीज काढणारे अंजी रेड्डी त्यांतलेच. पिढी तयार झाली, जमीन आणि सवलती मिळाल्या, आणि मेदक या मागास ठरवलेल्या जिल्ह्यात, मुंबई महामार्गावरच्या पाटणचेरूला औषधी कच्च्या मालाच्या कारखान्यांची रांग लागली. जगाला स्वस्त औषध देणारा हा परिसर, हे खरंच आहे. त्या औषधांनी आफ्रिकेपासून आमच्या आदिलाबादेपर्यंत लोक जगले. त्याच काळात पाटणचेरूच्या ओढ्यांचे रंग बदलले, विहिरींना वास येऊ लागला, भातशेती करपली. तिथं दवाखाना चालवणारे डॉ. अल्लानी किशन राव रोग्यांच्या अंगावर हे वाचत होते. शेतकऱ्यांना सोबत घेऊन ते रस्त्यावर आले, कचेऱ्यांत गेले. 1990 मध्ये प्रकरण सर्वोच्च न्यायालयात पोचलं, शेतकऱ्यांना भरपाईचे आदेश निघाले. कारखान्यांचं सांडपाणी एकत्र शुद्ध करणारं केंद्रही उभं राहिलं. त्यातून निघालेलं ‘शुद्ध’ पाणी इसकावागू या ओढ्यात पडू लागलं.

त्या पाण्यात काय उरतं, हे तपासणारा माणूस स्वीडनहून आला. गोथेनबर्ग विद्यापीठाचे योआकिम लार्सन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी केंद्रातून बाहेर पडणाऱ्या पाण्याचे नमुने घेतले. केंद्राकडे सुमारे नव्वद कारखान्यांचं सांडपाणी येत होतं. नमुन्यांत 59 औषधं शोधली, आणि त्यांतली 21 लिटरला एक मायक्रोग्रॅमपेक्षा जास्त सापडली. सिप्रोफ्लोक्सॅसिनचा आकडा तर लिटरला 31 मिलिग्रॅमपर्यंत गेला. म्हणजे 500 मिलिग्रॅमची अख्खी गोळी सोळा लिटरच्या हंड्यात विरघळवावी, तसं ते पाणी. गोळी घेतल्यावर माणसाच्या रक्तात इतकं औषध चढत नाही. दिवसाला सुमारे 45 किलो सिप्रोफ्लोक्सॅसिन ओढ्यात जात होतं, आणि तेवढं औषध सबंध स्वीडन देशाला पाच दिवस पुरलं असतं. 2007 मध्ये हा लेख छापून आला, त्यातले आकडे खरे वाटू नयेत इतके मोठे होते. 2009 मध्ये त्याच गटानं तळी, विहिरी आणि पिण्याचं पाणी तपासलं, आणि तिथंही औषधं सापडली. ओढ्याच्या गाळातल्या जिवाणूंमध्ये औषधाला दाद न देणाऱ्या जनुकांचा साठा किती वाढलाय, हे 2011 मध्ये दिसलं.

मराठी वाचकानं इथं नकाशा पाहावा. इसकावागू नक्कावागूला मिळतो, नक्कावागू मांजरा नदीला. हीच मांजरा बीड जिल्ह्यात बालाघाटात उगम पावते, लातूरवरून बिदरकडे जाते, तेलंगणात मंजिरा म्हणवते, आणि कंदकुर्तीला गोदावरीत शिरते. तिथून गोदावरी बासरवरून जुन्या आदिलाबाद जिल्ह्याची दक्षिण सीमा होऊन वाहते. औषध इतक्या लांब जसंच्या तसं येतं असं मी म्हणत नाही. पाणी मिसळतं, ऊन आणि माती त्याची मोडतोड करतात. पण नदी एकच आहे, आणि वरच्या काठाला काय झालं हे खालच्या काठाला कळायचा काहीही मार्ग नव्हता.

लार्सन यांच्या यंत्राचं नाव लांबलचक आहे. द्रवातले घटक वेगळे करून त्यांचं वस्तुमान तोलणारं ते यंत्र आहे, आणि त्याची किंमत मोठ्या शहरातल्या चांगल्या फ्लॅटपेक्षा जास्त असते. त्याला वातानुकूलित खोली लागते, शिकलेला माणूस लागतो. आजही निर्णायक पुरावा तेच यंत्र देतं, आणि द्यायलाही हवा. पण पाटणचेरूच्या पाण्याला स्वतःची हकीकत सांगण्यासाठी हजारो किलोमीटरचा प्रवास करावा लागला, ही बाब मला त्या 31 मिलिग्रॅमइतकीच बोचते. डॉ. किशन राव वर्षानुवर्षं हेच सांगत होते, त्यांच्याजवळ ते यंत्र तेवढं नव्हतं.

ओढ्याकाठीच साक्ष मिळावी या ओढीतून जे संशोधन सुरू झालं, त्यात दोन जुने धागे एकत्र आले, एक उजेडाचा आणि एक जेलचा.

उजेडाचा धागा कोयनेलपासून, म्हणजे क्विनाइनपासून, निघतो. आदिलाबादचं हे रान हिवतापाचं होतं. 1940 मध्ये गोंडांचा बंडखोर पुढारी कोमरम भीम जोडेघाटला मारला गेल्यानंतर निजाम सरकारनं मानववंशशास्त्रज्ञ ख्रिस्तोफ फॉन फ्युरर-हायमेनडॉर्फ यांना गोंडांचा अभ्यास करायला पाठवलं. उटनूरजवळच्या मारलवाईला त्यांनी मुक्काम केला. त्या पिढीला तापावर ठाऊक असलेलं औषध म्हणजे कडूजहर कोयनेल. हे कोयनेल पाण्यात विरघळवून उन्हात धरलं की पाण्याच्या पृष्ठभागाशी फिकट निळी झाक दिसते. 1845 मध्ये जॉन हर्शेल यांनी ती टिपली. 1852 मध्ये केंब्रिजचे जॉर्ज स्टोक्स यांनी तिचं कारण सांगितलं. डोळ्यांना न दिसणारे जंबुपार किरण पदार्थ गिळतो आणि दिसणारा उजेड परत देतो. फ्लोरस्पार या खनिजावरून त्यांनी या गुणाला फ्लुओरेसन्स नाव दिलं, मराठीत आपण अनुस्फुरण म्हणतो. औषध स्वतःच्या उजेडानं आपला पत्ता देतं, हे कोयनेलनं दाखवलं.

टेट्रासायक्लिनलाही हा गुण आहे. जंबुपार दिव्याखाली ते पिवळं-हिरवं दिसतं, आणि हाडात बसलं की शतकानुशतकं तसंच राहतं. 1980 मध्ये सुदानच्या प्राचीन नुबियातल्या, सुमारे इसवी सन 350 च्या काळातल्या मानवी हाडांत ही चमक सापडली. कारखाने नव्हते त्या काळात त्या लोकांच्या अन्नात टेट्रासायक्लिन बनवणारे जिवाणू वाढत होते. संशोधकांनी धान्यापासून केलेल्या बिअरकडे बोट दाखवलं. सिप्रोफ्लोक्सॅसिनच्या जातीची औषधंही निळसर चमकतात. मग नुसता दिवा पुरायला हवा होता. पण ओढ्याच्या पाण्यात कुजलेल्या पानांचा अर्क असतो, दुधात प्रथिनं असतात, तीही चमकतात. गोंगाटात एक आवाज ओळखायचा, तर जवळ बसून ऐकणारा कुणी हवा.

तो बसतो जेलमध्ये. 1960 मध्ये प्रागच्या ओटो विख्टर्ले आणि द्राहोस्लाव्ह लीम यांनी ‘नेचर’मध्ये मानवनिर्मित हायड्रोजेलचा लेख छापला. पाणी पिऊन फुगणारा, मऊ, पारदर्शक, शरीराला न बोचणारा असा तो पॉलिमर होता. त्यापासून डोळ्यात घालायची लेन्स करायची त्यांची खटपट संस्थेत थांबवली गेली. तेव्हा 1961 च्या नाताळात विख्टर्ले यांनी मुलाच्या मेकॅनो-जातीच्या खेळण्याचे भाग आणि सायकलचा डायनॅमो जोडून घरच्या टेबलावर पहिल्या मऊ लेन्स फिरवून घडवल्या. आपल्याकडे याच विद्येचं घर पुण्यात पाषाणला असलेली राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळा. पिंपरीहून पाषाण सायकलनं जाता येईल इतकं जवळ. तिथं 1980 च्या दशकात ‘जलशक्ती’ नावाचा पाणी शोषून धरणारा पॉलिमर तयार झाला, तो कोरडवाहू शेतीच्या आशेनं. रघुनाथ माशेलकर, आशिष लेले आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पुढं स्वतःहून सांधणाऱ्या जेलवर काम केलं. दोन तुकडे जवळ ठेवले की जखम भरावी तसे ते एकजीव होतात. एका शहरात एकीकडे औषध बनत होतं आणि दुसरीकडे त्याचा माग काढणारी वस्तू घडत होती, हे तेव्हा दोघांच्याही ध्यानीमनी नसावं.

गेल्या पंधराएक वर्षांत चीन, भारत, युरोप इथल्या प्रयोगशाळांनी हे दोन धागे विणले. पॉलिमरच्या जाळ्यात चमकणारं काहीतरी गुंफायचं. कुणी युरोपियम, टर्बियम हे धातू घेतात, कुणी 2004 मध्ये योगायोगानं सापडलेले कार्बनचे अतिसूक्ष्म कण घेतात. कुणी बेन झोंग टांग यांनी 2001 मध्ये हाँगकाँगला ओळखलेले रेणू वापरतात, जे गर्दी झाली की मंद होण्याऐवजी जास्तच उजळतात. जाळ्यासाठी झिंग्यांच्या कवचातलं कायटोसान किंवा शेवाळातलं अल्जिनेट चालतं. म्हणजे फॅनीबाईंच्या अगारचे हे सख्खे भाऊबंदच. जेलचा तुकडा पाण्यात सोडला की लहान रेणू आत झिरपतात, गाळ आणि मोठे कण बाहेर राहतात. टेट्रासायक्लिन युरोपियमला बिलगलं, की ते जंबुपार उजेड गिळून धातूच्या हवाली करतं आणि जेल लालभडक होतं. नायट्रोफ्युरान जातीचं औषध आलं, की ते चमकणाऱ्या रेणूचा इलेक्ट्रॉन ओढून घेतं आणि जेल विझतं. या नायट्रोफ्युरानवर कोळंबीच्या निर्यातीत बंदी आहे. खिशात मावणारा जंबुपार दिवा आणि मोबाइलचा कॅमेरा पुरतो. तीन तासांचं काम काही मिनिटांवर येतं, आणि जिवाणू उगवायची वाट पाहावी लागत नाही.

खोट लपवायची नाही, कारण यातलं बहुतेक अजून प्रयोगशाळेच्या दाराआतच आहे. दुधातलं कॅल्शियम टेट्रासायक्लिनला आधीच धरून बसतं. पावसाळ्यातलं लालसर पाणी स्वतःच उजेड गिळून जेलला खोटं ठरवतं. एकाच कुळातली दोन औषधं जेलला सारखीच वाटतात. एका घाण्यातलं जेल दुसऱ्यासारखं उजळेल याची खात्री द्यावी लागते, आणि लेख छापणाऱ्याला ती द्यायची गरज नसते. जेलनं ‘इथं काहीतरी आहे’ म्हणायचं आणि मग नमुना मोठ्या यंत्राकडे जायचा, एवढीच कामाची वाटणी आज प्रामाणिक ठरेल. पण नेमकी हीच पहिली पायरी आजवर गायब होती. संशयच नोंदवता येत नसेल तर नमुना मोठ्या यंत्राकडे पाठवायचा तरी कशाच्या जोरावर?

कायद्याची पावलं याच्या मानानं डळमळीत पडली. जानेवारी 2020 मध्ये केंद्रीय पर्यावरण मंत्रालयानं औषध कारखान्यांच्या सांडपाण्यात प्रतिजैविकं किती चालतील याच्या मर्यादांचा मसुदा काढला. जगात फार थोड्या देशांनी असं धाडस दाखवलं होतं. ऑगस्ट 2021 मध्ये अंतिम नियम आले तेव्हा त्या मर्यादा त्यातून वगळलेल्या होत्या. हे वाचलं त्या दिवशी मला पाटणचेरूच्या शेतकऱ्यांची आठवण झाली. त्याच वर्षी डिसेंबरात कृषी मंत्रालयानं पिकांवरच्या स्ट्रेप्टोमायसिन-टेट्रासायक्लिनच्या बंदीचा मसुदा काढला, म्हणजे सुरुवातीला सांगितलेल्या त्या पुडीवरच्या बंदीचा. सप्टेंबर 2024 मध्ये जागतिक आरोग्य संघटनेनं प्रतिजैविकांच्या कारखान्यांमधल्या सांडपाण्याबद्दल पहिलं मार्गदर्शन छापलं. पिंपरीचा कारखाना उभा करायला हीच संघटना आली होती, त्याला तोवर सत्तर वर्षं झाली होती.

उटनूरच्या रानात कांडोळाची झाडं आहेत, कुणी त्यांना कराया म्हणतं. उन्हाळ्यात गुळगुळीत पांढऱ्या सालीमुळं ती लांबून भुतासारखी उभी दिसतात. गोंड आणि कोलाम माणसं सालीला खाच देऊन डिंक काढतात, ऊन देऊन वाळवतात आणि गिरिजन सहकारी संस्थेला विकतात. हा डिंक पाण्यात साखरेसारखा विरघळत नाही, तो फुगतो. रात्री बचकाभर खडे परातीत भिजत घातले तर सकाळी परात काठोकाठ भरते, आणि आत दुधी रंगाचं, थरथरणारं, पाणी धरून बसलेलं जेल असतं. बाहेर तो कवळी चिकटवायच्या लेपात आणि पोट साफ करायच्या औषधात जातो. आता काही प्रयोगशाळा त्यापासून पाण्यातली घाण टिपणारी जेलं करून पाहत आहेत. डिंक काढणारी माणसं आणि कपाशीवर पुडी फवारणारी माणसं आमच्याकडे वेगळी नाहीत. मार्च-एप्रिलमध्ये ती रानात असतात, श्रावणात शेतात, आणि दोन्ही वेळा पाणी त्याच ओढ्याचं पितात.